नवी म्हणून चढवलेली दोरी

नांदेडात इतवाऱ्यामागच्या गल्लीत कमानगरांचं एकच घर उरलं होतं, आणि त्या घरात कमान एकही नव्हती. निजामाच्या काळी कंधारच्या किल्ल्यात या घराण्याच्या हातच्या तीरकमानी असायच्या, असं म्हातारी माणसं सांगत. ताहेर कमानगर मात्र बाजा विणायचा. आधी सुतळीच्या, मग नवारीच्या, आणि पुढं नायलॉनच्या पट्टीच्या. आडनावाचा अर्थ कुणी विचारला तर तो म्हणायचा, "नावापुरतं हाय."

वर्षातून एक दिवस मात्र ते नाव खरं व्हायचं. जळकोटच्या अलीकडं धामणवाडी म्हणून गाव आहे. तिथल्या पाटलांच्या घरी शिंग आणि लाकूड जोडून केलेली एक जुनी कमान होती. दोरी उतरवली की तिची दोन्ही टोकं उलटी, पुढच्या अंगाला वळायची. नवख्याला तिचं पोट कोणतं आणि पाठ कोणती तेच कळायचं नाही. दसऱ्याच्या संध्याकाळी सगळं गाव शिवेवर जायचं. पाटलांच्या घरची थोरली सून कमानीला ओवाळायची, पाटील एक बाण शिवेपल्याड सोडायचे आणि मग आपट्याची पानं वाटायची. दरवर्षी त्या कमानीला नवी दोरी लागायची. ती करून आणायचा आणि आपल्या हातानं चढवायचा मान कमानगरांचा. त्याबद्दल नारळ आणि फेटा मिळे. बाण सुटला की दोरी लगेच उतरवायची आणि कमानगरानं ती परत न्यायची, अशी रीत होती.

ताहेरचे वडील मुज्तबा त्या दोरीला चिल्ला म्हणत. पावसानं उघडीप दिली की ते ओट्यावर दोन खुंट्या ठोकत आणि पटवेकऱ्याकडून आणलेलं कच्चं रेशीम त्यांच्यावर घालायला बसत. धाकटी लेक जोहरा दुसऱ्या खुंटीपाशी बसून प्रत्येक धाग्याचा ताण बोटानं बघायची. ताहेरला या कामाचा कंटाळा होता. एका नारळासाठी एवढे दिवस घालवायचे, तेवढ्यात चार बाजा विणून होतील, असा त्याचा हिशोब. "अब्बा, पुढच्या साली शिकतो," असं तो दरवर्षी म्हणायचा. मुज्तबाही आग्रह धरणारा माणूस नव्हता. एका थंडीत छातीत कफ धरल्याचं निमित्त झालं आणि ते गेले.

पुढच्या दसऱ्याला अडचण आली नाही. वडिलांनी करून ठेवलेला एक चिल्ला पेटीत होता. ताहेरनं तो नेला, चढवला, फेटा बांधून घरी आला. पण त्याच्या पुढच्या वर्षी पेटी रिकामी होती. जोहराचं लग्न होऊन ती पलीकडच्या गल्लीत, एका पिंजाऱ्याच्या घरी गेली होती आणि रजया शिवत होती. तिला विचारता आलं असतं. ते ताहेरच्या मनातही आलं. पण ज्या कामाला आपण नाक मुरडलं ते धाकट्या बहिणीपुढं बसून शिकायचं, हे काही त्याच्यानं होईना. मग त्यानं गेल्या वर्षी उतरवून आणलेला चिल्लाच काढला. त्याला मेण चोळलं, मधला बाण बसतो तो भाग नव्या सुतानं गुंडाळला, वरून हळदीचा हात फिरवला. दोरी नव्यासारखी दिसायला लागली.

धामणवाडीत कुणाला संशय आला नाही. ताहेर फेटा बांधून परत आला. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही, पण पुढच्या वर्षी त्यानं तेच केलं. त्याच्याही पुढच्या वर्षी तेच. आणि दरवर्षी जेवण थोडं थोडं जायला लागलं.

मग भूकंप झाला. गणपती बुडाले त्याच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे. नांदेडात भांडी वाजली, माणसं रस्त्यावर आली, आणि उजाडल्यावर किल्लारीकडच्या बातम्या यायला लागल्या. धामणवाडीत काही भिंतींना तडे गेले, कुणी दगावलं नाही. पण पाटलांची थोरली सून सिंधु हिचं माहेर तेरणेच्या काठचं होतं. आई, वडील, भाऊ, भावजय, सगळे दगडाखाली गेले. ती पोचली तेव्हा गावात चिता पेटलेल्या होत्या आणि कोणती आपल्या माणसांची हे सांगायला कुणी नव्हतं. ती परत आली आणि दुसऱ्या दिवसापासून चुलीपुढं बसून भाकरी थापायला लागली. रडताना तिला कुणी बघितलं नाही, आणि याचीही गावात चर्चा झाली.

दसरा तीन आठवड्यांवर होता. यंदा शिवेवर जाऊ नये, असं बरेच जण म्हणत होते. भगवानराव पाटील ऐकेनात. सत्तरीचा माणूस, पाठ ताठ, बोलणं कमी.

"लोक अजून अंगणात झोपून राहिलेत," ते म्हणाले. "घरात पाय टाकायला भेतेत. एकदा शिवेवर जाऊन आलो की जरा धीर येईल सगळ्यायला."

सिंधुनं ओवाळावं का, यावरही बायकांत कुजबुज होती. भगवानरावांनी तिला सगळ्यांसमोर सांगितलं, "लेकीला तीन दिवसाचं सुतक. ते कवाच फिटलं. ओवाळायचं तूच, सूनबाई."

इकडं ताहेर त्याच दोरीला मेण चोळत होता. टोकाला जो फासा असतो, जो कमानीच्या खाचेत बसतो, तिथं अंगठा फिरवताना त्याच्या बोटाला रेशमाचा भुगा लागला. पिठासारखा. धागे आतून कुजले होते. मग त्यानं त्या जागी जास्तीचं मेण दाबलं आणि वरून सूत गुंडाळलं. एकच तर बाण सोडायचा असतो, असं त्यानं स्वतःला समजावलं.

शिवेवर त्या दिवशी कधी नव्हे एवढी गर्दी होती. आजूबाजूच्या वस्त्यांवरचे लोकही आले होते. वाजंत्री नव्हती. ताहेरनं गुडघ्याखाली कमान दाबून दोरी चढवली. सिंधुनं कुंकू लावलं, ओवाळलं. तिचा हात स्थिर होता. भगवानरावांनी बाण लावला आणि ओढला. कमान अर्धीअधिक वाकली असेल नसेल, तेवढ्यात वरच्या टोकाशी दोरी तुटली.

आवाज फटाक्यासारखा झाला. तुटलेलं टोक भगवानरावांच्या गालावर बसलं आणि डोळ्याच्या खालपासून हनुवटीपर्यंत रक्ताची रेघ उठली. बाण पायाशी पडला. कमान हातातून उडून बांधावर आपटली. भुईतून काही आलं असं वाटून लहान पोरं किंचाळली, बायका पोरांना छातीशी धरून खाली बसल्या. पुन्हा हललं, पुन्हा हललं, असं कुणीतरी ओरडलं. काहीच हललं नव्हतं.

ताहेर जागच्या जागी उभा होता. गर्दीतून एकानं विचारलं, "दोरी जुनी व्हती का काय?"

भगवानराव उपरण्यानं गाल दाबून उभे राहिले. ताहेरकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. "मुज्तबाचा पोरगा हाय तो," ते म्हणाले. "त्या घरची दोरी नवीच असती. दोरीला काही म्हणू नका."

ताहेरनं तोंड उघडलं होतं. ते तसंच मिटलं.

रीत मोडू नये म्हणून त्यांनी त्याला तिथंच, रक्त लागलेल्या हातानं, फेटा बांधला. फेट्याच्या काठावर लाल बोट उमटलं. बसमध्ये नांदेडपर्यंत तो फेटा ताहेरच्या डोक्यावर होता, कारण तो सोडायलाही त्याचा हात धजत नव्हता.

घरी त्यानं काही सांगितलं नाही. तुटलेली दोरी पिशवीत होती. दोन दिवसांनी जोहरा रजईचं कापड द्यायला आली आणि खुंटीवरची पिशवी काढताना ती दोरी तिच्या हातात आली. तिनं ती उलगडली, फाशाची गाठ बोटानं चाचपली.

"भाई," ती म्हणाली, "ये तो अब्बा की हाय."

ताहेर बाजेची पट्टी ओढत होता. त्यानं मान वर केली नाही.

"अब्बांना जाऊन किती वर्षं झाली? तेव्हापासून हीच?"

"हाव."

जोहरा संतापेल असं त्याला वाटलं होतं. ती ओट्यावर बसली आणि तिनं दोरी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "मला एकदा हाक मारली असती तर?" एवढंच. ताहेरला त्यापेक्षा चपलेनं मारलेलं परवडलं असतं.

त्या हिवाळ्यात दोघं कामाला लागली. जोहराला धागे घालायची आणि पिळायची रीत ठाऊक होती, पण रेशीम कोणतं, किती जाड, मेण कधी लावायचं, हे मुज्तबानं कधी बोलून सांगितलंच नव्हतं. शिवाय कच्चं रेशीम पूर्वीसारखं सहज मिळत नव्हतं. पटवेकऱ्याच्या दुकानात आता रंगवलेलं, चकचकीत, भलतंच काहीतरी असे. मग हाताशी जे आहे ते बघू, असं ठरलं. ताहेरनं बांबूची एक तशीच जड कमान केली आणि ओसरीत टांगली.

पहिल्यांदा त्यानं नायलॉन लावलं, कारण घरात त्याचीच रिळं पडली होती. तुटायचं नाव नाही. त्याला वाटलं, झालं काम. पण ओढलं की ते रबरासारखं लांबायचं. सकाळी चढवलेली दोरी दुपारी ढिली पडायची आणि बाण अंगणातच पडायचा. अंबाडीचा वाख चांगला मजबूत निघाला, पण दोरी इतकी जाड झाली की बाणाच्या खाचेत बसेना, आणि बारीक केली तर वळणावर तुटायला लागली. सुताचंही तसंच. जोहराचा नवरा पिंजणाच्या धनुकलीची तात घेऊन आला. बकऱ्याच्या आतड्याची, पिळून वाळवलेली. ती सगळ्यांत सुरेख वाजली. पण एका दमट सकाळी बघितली तर मऊ पडून लोंबत होती, आणि दुसऱ्या टोकाला उंदरांनी तोंड लावलं होतं.

मग ताहेरला सायकलच्या ब्रेकची तार सुचली. जोहरा नको म्हणत होती. तार तुटली नाही, लांबलीही नाही. तिसऱ्याच ओढीला बांबूची कमान मधोमध फाटली.

"तार थोडीसुद्धा ताणत नाही," जोहरा म्हणाली. "मग सगळा हिसका लाकडाला बसतो. पाटलांची कमान असती तर?"

ताहेरनं तार सोडून भंगारात टाकली. शेवटी बीदरकडून येणाऱ्या एका व्यापाऱ्याकडून कच्च्या रेशमाची लडी मिळाली. पिवळट, धुतलेली नाही, खरखरीत. जोहरानं ती बोटांत घेतली आणि हीच, असं म्हणाली. ती सांगायची आणि ताहेर धागा घालायचा. ताण कमीजास्त झाला की ती सगळं उलगडून टाकायला लावायची. चाळिशीचा माणूस बहिणीपुढं शाळकरी पोरासारखा बसलेला बघून गल्लीतले लोक थांबायचे. ताहेरची मान खाली असायची. दोन दोऱ्या वाया गेल्या. तिसरी जमली. नव्या बांबूवर ती महिनाभर चढवून ठेवली, रोज ओढली. ती किंचित ताणायची आणि परत जागेवर यायची.

पुढच्या दसऱ्याला तो ती दोरी कोऱ्या फडक्यात बांधून धामणवाडीला गेला. या वेळी आपण फेटा घ्यायचा नाही, दोरी चढवायची आणि निघायचं, असं त्यानं ठरवलं होतं. जुनी गोष्ट बोलायची नाही, असंही ठरवलं होतं. ती झाकली गेली होती.

पाटलांच्या दारात भगवानराव एकटेच बसले होते. गालावर पांढरी रेघ राहिली होती.

"कशाला आलास बाबा एवढ्या लांबून," ते म्हणाले. "कमान आता ओढायची नाही. गाव नको म्हणतंय."

"काहून?"

भगवानरावांनी आत बघितलं आणि आवाज उतरवला. "दोरी नवी, कमान धड, ओढणारा मीच. मग तुटली काहून? लोक कारण हुडकतेतच. सूनबाईनं ओवाळलं व्हतं ना. जिचं सगळं माहेर भुईनं गिळलं, तिचा हात लागला म्हणून झालं, असं बोलून राहिले. मी लई सांगितलं. पण वरसभरात ह्याची म्हैस मेली, त्याची हीर आटली, सगळं तिच्याच नावावर चढलं. आता देवळात जात न्हाई ती. हळदीकुंकवाला कुणी बोलवत न्हाई."

गोठ्याच्या बाजूला एक बाई पाठमोरी बसून शेण कालवत होती. ताहेरनं तिला ओळखलं. त्याच्या कानात भगवानरावांचंच वाक्य वाजायला लागलं. त्या घरची दोरी नवीच असती. म्हाताऱ्यानं त्याच्या बापाच्या नावावर भरवसा ठेवून त्याला सोडवलं होतं, आणि सुटलेला तो दोष उचलायला हीच जवळ उभी होती.

ताहेर पाणी प्यायला. "निघतो," म्हणाला, आणि खरंच निघाला. फाट्यावर बस आली, तो चढला. घरी जोहरा वाट बघत होती.

"चढवला?"

"हाव," तो म्हणाला.

जोहराचा चेहरा उजळला. तिनं शिरखुर्मा केला होता, ईद नसताना. तिनं वाटी त्याच्या हातात दिली आणि समोर बसली. त्यानं एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. फडक्यात बांधलेली दोरी पिशवीतून काढून त्यानं तिच्यापुढं ठेवली आणि सगळं सांगितलं. जोहरानं वाटी उचलून आत नेली. परत आली तेव्हा म्हणाली, "सकाळच्या गाडीनं परत जा. मी येऊ का?"

"नको," तो म्हणाला. "तुझ्यासमोर बोलता यायचं न्हाई मला."

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा त्याच दारात उभा राहिला. भगवानरावांसमोर खाली बसला आणि वर न बघता बोलला. दोरी जुनी होती. कुजलेली होती, मला माहीत होतं. त्याच्या आधीच्या वर्षीही तीच होती.

भगवानराव ऐकत राहिले. त्यांचा हात नकळत गालावर गेला. ते म्हणाले, "मुज्तबाचा पोरगा..." आणि वाक्य सोडून दिलं. मग दाराकडं बघून घाईनं म्हणाले, "मला सांगितलंस, बास झालं. चारचौघात कशाला? माझाही शब्द जाईल. मीच नवी म्हणून बोललो व्हतो."

ताहेरला सुटल्यासारखं वाटलं. ते वाटल्याची लाजही त्याच क्षणी वाटली. तेवढ्यात चौकटीत सिंधु येऊन उभी राहिली. ती सगळं ऐकत होती. पदर डोक्यावर नीट होता, हात शेणानं भरलेले.

"मामंजी," ती म्हणाली, "मला चारचौघात बोलले. ह्यायला घरात सांगून भागायचं न्हाई."

तिच्या नवऱ्यानं, वैजनाथनं, आतून काहीतरी समजुतीचं म्हणायचा प्रयत्न केला. तिनं मागं वळून बघितलं नाही. "वरीसभर तुमी काही बोलले न्हाईत," ती त्याला म्हणाली, "आताबी बोलू नका."

मारुतीच्या पारावर माणसं जमली. ताहेर उभा राहिला. त्यानं जे घरात सांगितलं तेच पुन्हा सांगितलं, पण आवाज इतका बारीक होता की मागच्यांनी ओरडून मोठ्यानं बोलायला लावलं. मग त्याला ते सगळं दुसऱ्यांदा, मोठ्यानं बोलावं लागलं. "तिचा काही संबंध न्हाई," हे वाक्य त्यानं कितीदा म्हटलं ते त्यालाही आठवत नाही.

कुणी हसलं. कुणी थुंकलं. सरजाबाई नावाची म्हातारी, जिनं सिंधुच्या हातचं पाणी घ्यायचं बंद केलं होतं, ती उठून निघून गेली. एक जण म्हणाला, "आमचे फेटे परत आण मग." ताहेरला आठवलं, एका फेट्याची त्याच्या बायकोनं, अफसानानं, पोराला झोळी केली होती.

तो नवी दोरी दाखवायला लागला तेव्हा पुढच्या रांगेतल्या रेवणप्पानं ती हातात घेऊन खाली टाकली. "हिचा तरी काय भरोसा? आधी तूच ओढ. तुटली तर तुला लागू दे."

हे सगळ्यांना पटलं. कमान आणली गेली. वर्षभर फडक्यात गुंडाळून आढ्याला टांगलेली होती, आपटली होती तिथं शिंगाला बारीक चीर दिसत होती. ताहेरनं दोरी चढवली. बाण लावला. आयुष्यात त्यानं ती कमान कधी ओढलेली नव्हती. ओढणं पाटलांचं, त्याचं काम फक्त चढवणं. लोक मागं सरकले आणि तो मोकळ्या जागेत एकटा राहिला. दोरी गालाशी आली तेव्हा त्यानं डोळे मिटले.

"डोळे उघड," रेवणप्पा ओरडला.

त्यानं उघडले. चिरेतून किरकिर असा आवाज येत होता, आणि दोरी बोटांना कापत होती. त्यानं सोडली. बाण फार लांब गेला नाही, ज्वारीच्या पिकात कुठंतरी पडला. दोरी जागेवर होती. लोक एकेक करून उठून गेले. सिंधु पाराच्या खाली उभी होती, तीही गेली. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही.

भगवानराव दोरीवरून बोट फिरवत म्हणाले, "बापासारखी झाली. कुणी केली?"

"बहिणीनं. मी हाताखाली होतो."

पुढच्या वर्षापासून कमान पुन्हा शिवेवर जायला लागली. ओवाळायला सिंधुच. पहिल्या वर्षी सरजाबाई लांब उभी होती, दुसऱ्या वर्षी जवळ. ताहेर दरवर्षी दोरी घेऊन जायचा, चढवायचा, आणि फेट्याची वेळ झाली की गर्दीच्या मागं जाऊन थांबायचा. कुणी त्याला पुढं बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तरी तो गेला नसता. काही वर्षांनी भगवानराव वारले. नवा पाटील वैजनाथ. त्यानंही ती गोष्ट पुन्हा काढली नाही.

दरम्यान लातुरात क्लासेसचं पीक आलं. बोर्डाच्या यादीत लातूरची पोरं वर, म्हणून सगळ्या मराठवाड्यातून, बाहेरूनही, पोरं यायला लागली. बंगल्यांच्या गच्च्यांवर पत्र्याच्या खोल्या चढल्या. प्रत्येक खोलीत दोन, तीन, चार बाजा. नांदेडात बसून बाजा विणण्यापेक्षा तिथं जाणं शहाणपणाचं होतं. ताहेर लातूरला गेला, औसा रोडच्या बाजूला एक पत्र्याचं दुकान घेतलं. दिवसभर नायलॉनची पट्टी ओढायची. जूनमध्ये श्वास घ्यायला फुरसत नसे.

अशाच एका जूनमध्ये एका घरमालकानं त्याला वरच्या मजल्यावर बोलावलं. खोली लहान होती. कोपऱ्यात ट्रंक, स्टोव्ह, जाडजूड पुस्तकांचा गठ्ठा. खिडकीशी सतरा-अठरा वर्षांची मुलगी उभी होती, आणि तिची आई जुन्या बाजेची ढिली पट्टी बोटानं उचलून बघत होती. बाई वळली. दरवर्षी दसऱ्याला पदराआड दिसणारं तोंड ताहेरनं लगेच ओळखलं; केस पांढरे झाले होते.

"तुमी व्हय," सिंधु म्हणाली.

ताहेरच्या हातातली रिळं खाली पडली. ती गोळा करायला तो वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"ही राजकन्या. माझी धाकटी. डॉक्टर व्हायचं म्हणती." मग ती मुलीला म्हणाली, "हे कमानीला दोरी आणतेत ते."

मुलीनं नमस्कार केला. तिला त्यापलीकडं काही माहीत नाही, हे तिच्या तोंडावरून कळत होतं. आईनं तिला सांगितलं नव्हतं. ताहेरला ते जास्त जड गेलं. त्यानं बाज उलटी केली आणि जुनी पट्टी सोडायला लागला. सिंधु तिथून हलली नाही. तो एक पदर घालायचा आणि ती अंगठ्यानं दाबून बघायची. दोनदा तिनं पट्टी पुन्हा आवळायला लावली. त्यानं ती निमूट आवळली.

"पोरीला रोज पहाटे उठायचं," ती म्हणाली. "मधी झोळ पडला की पाठ धरती. नीट ओढा."

"हाव."

काम होत आलं तेव्हा तिनं विचारलं, "दोरी बहीणच करती ना अजून?"

"दोघं मिळून करतो, मी नांदेडला जाऊन. तिची नजर जरा अधू झालीय. मी धागा घालतो, ती बोटानं बघती."

"बोटानं बघू द्या तिला," सिंधु म्हणाली. "तुमच्या एकट्यावर सोडू नका."

ती हे रागानं बोलली नव्हती, थट्टेनंही नव्हती. ताहेरनं मान हलवली. त्याच्या कानांपर्यंत रक्त चढलं होतं, इतक्या वर्षांनीही. राजकन्या बाजेवर बसली, मग आडवी झाली, "आई, एकदम घट्ट हाय," म्हणाली. सिंधुनं स्टोव्हवर चहा ठेवला होता. तिनं एक कप ताहेरपुढं सरकवला. तो घेऊ का नको अशा विचारात थांबला तेव्हा म्हणाली, "प्या. निवतोय."

तो उभ्यानंच प्याला, कप विसळून ठेवला आणि रिळं काखेत घेऊन निघाला. खालच्या मजल्यावर आणखी दोन बाजा विणायच्या होत्या.